शेवट न पटलेला माणूस

एखाद्या गोष्टीचा शेवट पटला नाही म्हणून दोन वर्षं साऱ्या जगाशी भांडलेला माणूस अख्ख्या डिचोली तालुक्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझा मावसभाऊ. गोष्ट तरी कसली, तर संगणकावरच्या खेळाची. दादा साखळीजवळच्या खाणीवर खनिज वाहणारा टिपर चालवायचा. खाण बंद पडली, टिपर दारातल्या फणसाखाली उभा राहिला, त्याच्या हौद्यात झुडपं उगवली, आणि पंचेचाळिशीचा हा गडी भाच्यानं टाकून दिलेल्या संगणकासमोर बसून अंतराळातल्या जहाजाचा कप्तान झाला. खेळाचे भाग तीन. कुणाला वाचवायचं, कुणाला मरू द्यायचं हे खेळणाऱ्यानं ठरवायचं, आणि पहिल्या भागात मेलेला माणूस तिसऱ्यातही मेलेलाच राहायचा. मागं जाऊन निवड बदलायची सोय होती, पण ती दादाला लबाडी वाटे. हा नियम त्यानं संसारातही आणला. एकदा साखळीच्या स्टँडवर पणजीची समजून तो वाळपईच्या बसमध्ये चढला. चूक पहिल्याच थांब्यावर कळली, तरी उतरला नाही. वाळपईला गेला, चहा प्यायला, केस कापून घेतले आणि संध्याकाळी घरी परतला. पणजीत त्याची वाट पाहत मी दुपारभर उपाशी. विचारलं तर म्हणाला, "बसलो ना मी? मग बसलो."

असा माणूस तिसऱ्या भागाच्या शेवटाला पोचला. कप्तानापुढं तीन दारं होती. दोन दिवस विचार करून त्यानं एक निवडलं. मग इतरांचे शेवट पाहिले तेव्हा कळलं, तिन्ही दारांमागं घडतं ते जवळपास एकच. उजेडाचा रंग तेवढा वेगळा. त्यानं भर दुपारी मला कचेरीत फोन केला. "दीड वर्ष मी निवडत होतो, आणि ह्यांनी ते बघितलंसुद्धा नाही." आवाज असा, की घरात कुणी गेलं की काय असं मला वाटलं. पुढं जो भेटेल त्याच्यापुढं हाच विषय. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर सायकलचा भोंगा न वाजवता त्याच्या घरावरून जाऊ लागला. सत्यनारायणाच्या पूजेत त्यानं भटजींना विचारलं, काहीही निवडलं तरी शेवट एकच, तर संकल्प कशाला सोडायचा? भटजींनी पाचवा अध्याय जरा घाईतच उरकला. फक्त वहिनी त्याला गप्प करू शकायची. मासळी चिरता चिरता ती एकदा शांतपणे म्हणाली, "खाण काय तुम्हाला विचारून बंद केली होती?" त्या दिवशी संगणक लागला नाही.

इंटरनेटवरच्या चर्चेत त्याचा एक वैरी होता. त्याचं म्हणणं, शेवट अगदी बरोबर आहे, वाटेत तुम्ही कसे वागलात तेवढंच तुमच्या हातात असतं. दोघं दोन महिने मोडक्या इंग्रजीत भांडले. मग एके दिवशी रागाच्या भरात वैऱ्यानं एक कोंकणी शिवी लिहिली, आणि विचारपूस केल्यावर कळलं, की हा पेडण्यातला औषधांचा दुकानदार. दादा स्कूटर काढून थेट त्याच्या दुकानावर गेला. संध्याकाळी परतला तो मानकुराद आंब्यांची पिशवी घेऊन. "माणूस बरा आहे," म्हणाला. "डोकं नाही."

त्याच वर्षी पावसाळ्यात वहिनीच्या पोटातलं दुखणं निघालं. सहा महिने इस्पितळाच्या खेपा झाल्या. शेवटी डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं, की औषधाची आणखी एक फेरी देता येईल किंवा घरी नेता येईल, तुम्ही ठरवा. बाहेर जिन्याच्या कठड्याला धरून दादा मला म्हणाला, "दोन्ही दारांमागं खोली एकच आहे, होय ना?" ठरवलं ते वहिनीनं. "मला हळर्णाला न्या," म्हणाली. तिचं माहेर पेडण्याजवळच्या हळर्णचं.

तिथं ती एकोणीस दिवस जगली. आईच्या हातची पेज चमच्याचमच्यानं घेतली, साड्या कुणाला द्यायच्या ते सांगितलं, आणि खाटेवरून दादाला पेज करायला शिकवली. पहिल्या दिवशी त्यानं ती करपवली, तेव्हा इतकी हसली की तिला धाप लागली. दुखण्यावरच्या गोळ्या पेडण्याचा दुकानदार रोज मोटारसायकलवरून स्वतः आणून द्यायचा. खेळाचा विषय त्यानं एकदाही काढला नाही. वहिनी सकाळी गेली. दादा तिच्यासाठी पेज निववत होता.

बाराव्या दिवशी दुकानदार पडवीत येऊन बसला. दादा म्हणाला, "तुझंच बरोबर होतं, असं सांगू नको."

"नाही सांगत."

"इस्पितळात ठेवली असती तरी तेच झालं असतं."

"हो."

"पण ती हसली नसती," दादा म्हणाला. दुकानदारानं मान डोलावली. त्या दोघांतलं ते शेवटचं भांडण. त्याला भांडण म्हणायचं तर.

डिचोलीचं घर आता बंद असतं. दादा हळर्णालाच सासूजवळ राहतो, तिची शेती बघतो. मे महिन्यात मी गेलो, तेव्हा दोघं पडवीत काजूबिया निवडत बसली होती आणि दादा तिला त्या जहाजाची गोष्ट पहिल्या भागापासून सांगत होता. म्हातारीला ऐकू कमी येतं. हे सगळं सावंतवाडीकडच्या कुणा नातेवाइकांचं चाललंय अशी तिची समजूत आहे, आणि दादानं ती दूर केलेली नाही. एका बीवरून हात फिरवत तिनं विचारलं, "मग त्या कप्तानाचं लग्न जालें काय?"

दादा तिच्या कानाशी वाकला. "जातलें मांय, नक्की होईल," म्हणाला. "अजून बरीच गोष्ट आहे."