श्वास आमचा, कुलूप त्यांचं

मंदा कदमचा राग साऱ्या वसाहतीला ठाऊक होता. अस्तर कमी भरलं म्हणून लहरीपुऱ्यातल्या दुकानदाराशी ती भरबाजारात भांडून यायची आणि आठवड्याने त्याच दुकानात जाऊन चहा प्यायची. हा राग मात्र तसा उतरला नाही.

नवरा नंदेसरीला रसायनांच्या कारखान्यात होता आणि ती घरी ब्लाउज शिवायची. तीन वर्षांपूर्वी बडोद्यातल्या एका संस्थेचे प्रोफेसर वसाहतीतल्या बायकांचा श्वास तपासायला आले. नाकाला चिमटा लावून नळीत जोरात फुंकायचं. बायका लाजून पुढे येईनात, तेव्हा मंदानेच त्यांना घरोघरून काढून आणलं. शेजारच्या प्रेमलावहिनी नकोच म्हणत होत्या. "आपल्याच भल्याचं आहे, मी सांगते ना," म्हणत तिने त्यांना हात धरून खुर्चीवर बसवलं. तपासणीच्या मशीनवर रसिका नावाची रावपुऱ्यातली मुलगी होती. "रिपोर्ट मी आणून देते हं काकू," ती म्हणाली. पुढे कोणी फिरकलं नाही.

प्रेमलावहिनींना जिना चढताना दम लागू लागला. वय झालं, त्या म्हणायच्या. मंदाही मान डोलवायची.

यंदा मंदाच्या लेकीने, अवंतीने, मोबाइल आईपुढे धरला. त्या प्रोफेसरांचा शोधनिबंध परदेशी मासिकात छापून आला होता, तोही दोन वर्षांपूर्वी. वरच्या चार ओळी तेवढ्या दिसत होत्या. वसाहतीतल्या दर तीन बायकांत एकीचा श्वास कमी भरला होता. पुढचं वाचायला डॉलर मागत होते.

"म्हणजे आपलंच आपण विकत घ्यायचं?" मंदाने विचारलं.

दुसऱ्या दिवशी मंदा प्रेमलावहिनींना आणि आणखी काही जणींना घेऊन संस्थेत गेली. प्रोफेसरांनी पाणी मागवलं आणि गुजरातीत, अगदी गोड बोलत समजावलं, "बेन, निबंधाचे हक्क आता प्रकाशकाचे. आकडे संस्थेच्या मालकीचे. आणि तुम्हाला ते समजायचं नाही, उगाच घबराट होईल."

"श्वास आमचा आणि मालकी तुमची?" मंदाने आवाज न चढवता प्रेमलावहिनींना पुढे केलं. "ह्या बाईला धाप लागतेय. का लागतेय ते तुम्हाला माहीत होतं. परदेशात सांगितलंत, हिला नाही सांगितलंत."

"निबंधात कोणाची नावं नसतात, बेन."

"तुमच्याकडे आहेत. मीच एकेक सांगितली होती."

वरून परवानगी आणावी लागेल, ते म्हणाले. "आणा," म्हणून मंदा दाराबाहेर फरशीवरच बसली. मागोमाग सगळ्या बसल्या. येणारा-जाणारा थांबून विचारी आणि मंदा प्रत्येकाला पहिल्यापासून सांगे. ऑफिस बंद व्हायच्या आत प्रत्येकीच्या हातात तिचा आकडा पडला, आणि निबंधाची प्रतही.

प्रेमलावहिनींचा आकडा वाईट होता. डॉक्टरांनी पंप दिला, औषध दिलं, आणि आधी आला असतात तर इतकं बिघडलं नसतं, असंही ऐकवलं. घरी येऊन मंदाने मशीनवरचं अर्धं शिवलेलं ब्लाउज उसवून टाकलं.

अवंतीने निबंध सोप्या मराठीत आणि गुजरातीत उतरवून वसाहतीच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो पलीकडच्या वस्त्यांत गेला. संस्थेतून फोन आला, की निबंध असा लोकांत वाटणं बेकायदा आहे.

"केस करा," मंदा म्हणाली. "कोर्टात मोठ्याने वाचून दाखवते." पुन्हा फोन आला नाही.

एका रविवारी रसिका आली. नोकरी सुटल्यावर आपल्या हातात काही उरलं नव्हतं, असं सांगताना रडली. "सॉरी, काकू."

"मला कशाला? त्यांना सांग." मंदाने शेजारचं दार दाखवलं.

प्रेमलावहिनींनी मुलीला आत घेतलं, मध्येच थांबून श्वास घेत चहा टाकला, मंदालाही हाक मारली. मंदा उंबऱ्याशीच उभी राहिली. तिचा कप तसाच गार झाला.