माटोळीतला आडवा नारळ

गणेशचवथीच्या आदल्या दिवशी गोव्यात, नार्व्याच्या आमच्या घरी माझ्याकडून एक आगाऊपणा झाला. लिहून टाकते, म्हणजे मन हलकं होईल.

दीरांची नवी सून केतकी, हरमलची. अणूचं केंद्रक कसं फिरतं यावर ती पीएचडी करते. ती येईपर्यंत विज्ञानाचं काहीही अडलं की घरातली पोरं माझ्याकडे यायची... मी दहावीपर्यंतच शिकले, पण हे लायब्ररीतून आणायचे ती पुस्तकं आम्ही दोघं मिळून वाचायचो.

हे जाऊन चार वर्षं झाली. वाचन मी सोडलं नाही, पण आता पोरं केतकीकडे धावतात. खोटं कशाला बोलू, जळत होते मी.

त्या दिवशी गणपतीच्या वरची माटोळी बांधणं चाललं होतं. लाकडी चौकटीला फळं, काकड्या, रानवेली टांगत होतो. केतकीने एक तोरिंग, पपनसासारखं गोल फळ, गरकन फिरवलं आणि पोरांना म्हणाली, "हे सगळीकडून सारखं गोल. फिरलं काय, न फिरलं काय, काही बदललेलं दिसत नाही. गोल केंद्रकाचं फिरणं आम्ही धरतच नाही. ते लांबट हवं."

मग तिने देठाने टांगलेला असोला, सालासकट लांबट नारळ पीळ देऊन सोडला. पोरं खूश.

मला मात्र खटकलं... नारळ उभा होता, आपल्या लांबीभोवतीच फिरत होता. खालून बघितलं तर तोही गोलच की!

हळूच बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अगो, मग ह्यात नि तोरिंगात फरक काय? नारळ आडवा टांगायला हवा."

तिचा नवरा निलेश शिडीवरून म्हणाला, "काकी, तू पेपर तपासायला बसलीस काय गो?" सगळे हसले. केतकीचे कान लाल झाले.

तिने नारळ उतरवला, मधोमध दोरी बांधून आडवा टांगला, फिरवला. दोन्ही टोकं गरगरली... आता आंधळ्यालाही कळलं असतं. "काकींचं बरोबर. मी घाईत चुकले," ती पोरांना म्हणाली.

जिंकले होते मी. पण गोड लागलं नाही. निलेश शिडीवरून उतरून तिला विचारत होता, "म्हणजे कसं? मला परत सांग." आणि ती सांगत होती... तेव्हा कळलं, मला हेवा तिच्या पीएचडीचा नव्हताच.

दुपारी मी नेवऱ्यांत करंज्यांसारखं सारण भरत असताना ती छापलेली पानं घेऊन आली. "काकी, हे माझं एक प्रकरण. घरात कुणी वाचणारं नाही. चुका काढाल?"

पहिल्या पानातलं अर्धं मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी आरती आटोपल्यावर ती पानं घेऊन विचारायला तिच्याकडे गेले, निलेशला म्हटलं, "जरा सरक."

केतकी, तू हे वाचशीलच. त्या दिवशी चारचौघांत बोलायला नको होतं मी. हेवा अजून पुरता गेलेला नाही... पण न कळलेलं विचारायला घरात पुन्हा कुणीतरी आहे, एवढं मला पुष्कळ झालं.