झिजलेला काटा

मिलिंद पडल्याचं मला रफीकने फोनवर सांगितलं. रफीक म्हणजे त्याचा जोडीदार, वीस वर्षं झाडाखाली उभा राहून तोडलेल्या फांद्या दोराने उतरवणारा. मी तेव्हा बोरीवली पूर्वेच्या माझ्या वेल्डिंगच्या दुकानात एका गेटचं बिजागर बसवत होतो. "कुठे लागलं रे त्याला?" मी विचारलं. रफीकच्या मागून कोणीतरी चादर मागत असल्याचा आवाज येत होता... बिजागर तसंच टाकून मी निघालो. त्याला आता सात आठवडे झाले.

मिलिंद आणि मी नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीत वाढलो. त्याचे आईवडील जालन्याकडून आलेले. दहावीनंतर मी वेल्डिंग शिकलो, तो झाडं छाटणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागला आणि पुढे स्वतःच सोसायट्यांची कामं घेऊ लागला. मेलेलं झाड उतरवायचं असलं की तो पायांना काटे बांधायचा. पिंडरीला चामडी पट्ट्यांनी आवळलेली लोखंडी पट्टी, आणि तिच्या खालच्या टोकाला, घोट्याच्या आतल्या बाजूने, एक अणकुचीदार काटा. तो खोडात रोवत माणूस वर जातो. जिवंत झाडावर मात्र मिलिंद काटे कधी वापरायचा नाही. "त्याला भोकं पाडली की कीड आत जाते," म्हणायचा, आणि दुप्पट वेळ घालवून नुसत्या दोरावर चढायचा. या हट्टापायी त्याची कितीतरी कामं गेली, पण त्याने हट्ट सोडला नाही.

काट्यांना धार लावायला तो माझ्याकडेच यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा मी सरळ ग्राइंडर चालू केला, तर त्याने काटा हातातून काढून घेतला. "दिल्या, तापला की लोखंडाचं पाणी उतरतं रे. मग वर गेल्यावर वाकतो." तेव्हापासून तो माझी कानस घ्यायचा आणि डब्यावर बसून तासभर घासत राहायचा. घासताना फारसं बोलायचा नाही. झालं की काट्याशेजारी अंगठा धरायचा. काटा अंगठ्याच्या पेरापेक्षा आखूड झाला की तो भंगारात, हा त्याचा नियम. धार लावली की काटा झिजणारच, आणि आखूड काटा साल ओलांडून लाकडापर्यंत पोचत नाही, हे त्यानेच मला शिकवलं होतं.

शेवटचा आला तो एका गुरुवारी संध्याकाळी, घाईत. "डावा हलतोय रे, बघ ना." काटा ज्या बोल्टने पट्टीला जोडलेला असतो त्याचं भोक झिजून लांबट झालं होतं. मी जाड वायसर घातला, नवा बोल्ट टाकला, जीव लावून आवळला. मग काटा पान्याने ठोकून पाहिला. जागचा हलला नाही. मिलिंद म्हणाला, "झकास." त्या दिवशी त्याने अंगठा धरून पाहिला नाही. मी मात्र पाहिलं होतं. दोन्ही काटे पेरापेक्षा चांगलेच आखूड झाले होते. मला त्या गेटची घाई होती. "सोमवारी ये, नवे बनवून देतो," एवढंच मी म्हणालो. "उद्या एक झाड उतरवतो, मग येतोच," तो म्हणाला. हे घालून चढू नकोस, एवढे चार शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

ते झाड म्हणजे सोसायटीच्या आवारात वाळून गेलेलं जुनं रेन ट्री. जाड साल, आतून लाकडापासून सुटलेली. एका फांदीच्या वर जायला मिलिंदने खोडाभोवती टाकलेला कमरेचा पट्टा क्षणभर सोडला आणि सगळा भार डाव्या पायावर दिला. काट्यासकट सालीचा भला मोठा पापुद्रा निघून आला, असं रफीक सांगतो. तिसऱ्या मजल्याइतक्या उंचीवरून मिलिंद खाली आला.

पोलिसांकडून काटे परत मिळाले, तेव्हा रफीक ते माझ्या दुकानात घेऊन आला. मी आधी बोल्ट पाहिला. जसा आवळला होता तसाच, घट्ट. एक क्षण मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची मला आजही किळस येते. काट्याच्या टोकाला सालीचा भुगा अडकला होता. लाकडाचा कण नव्हता...

मिलिंद गेल्यावर घरी झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर, माणसं पांगल्यावर, मी त्याच्या बायकोला, संगीताला, सगळं सांगितलं. मला दिसलं होतं, मी बोललो नाही. ती ओरडेल, हाकलून देईल, असं वाटलं होतं. ती म्हणाली, "भावजी, त्यालाही दिसलंच असेल ना." मग समोरचे पेले गोळा करत, "पण तुम्ही सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं. तुमचं ऐकायचा तो." एवढं बोलून ती पेले विसळायला उठली. मी तिथेच बसून राहिलो.

गेल्या रविवारी मी पुन्हा गेलो. काटे मी ठेवून घेतले होते, त्यांचे चामडी पट्टे तिच्याकडे होते. ते मांडीवर घेऊन ती त्यांना खोबरेल तेल चोळत होती. मिलिंद दर रविवारी चोळायचा म्हणे. "आता कशाला?" माझ्या तोंडून गेलं. "चामडं तडकतं ना," ती म्हणाली आणि दुसरा पट्टा माझ्याकडे सरकवला. मी फडकं घेतलं. पट्टा जमिनीवर सरळ केला, तळव्याने दाबून धरला, तेल लावलं. हात उचलला की तो हळूहळू वळायचा आणि मिलिंदच्या पिंडरीचा गोल धरून तसाच उभा राहायचा.