पालीची देग

"पालीला येणार ना?" असं आमच्या घराण्यात कुणी कुणाला विचारत नाही. यायचंच असतं. बिंदुसरा धरणाजवळ पालीला ओळखीच्या एका शेतकऱ्याची चिंचेची झाडं आहेत, तिथं मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सगळे जमतो. पणजोबा निजामाच्या राज्यात मुरादाबादकडून खांद्यावर भाता टाकून आले आणि भांड्यांना कल्हई करत करत इथलेच झाले. त्यांची मुलं वर्षभर दिंद्रुड, शिरूर कासार अशी गावोगाव हिंडायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर एक दिवस पालीला भेटायची. ते अजून चालू आहे. आता कुणी पुण्यात मोबाईल विकतं, कुणी दुबईत एसी दुरुस्त करतं, मी माजलगाव तालुक्यात शाळेत मराठी शिकवते. घरात आम्ही दखनी बोलतो, पण भांडायची वेळ आली की सगळे मराठीवर येतात.

त्या दिवशी भात कशातही शिजवा, चिंच घातलेल्या डाळीचा दालचा मात्र पणजोबांच्या तांब्याच्या भल्यामोठ्या देगेतच करायचा. देगेला त्याच सकाळी आतून नवी कल्हई करायची, आणि तीही घराण्यातल्याच माणसानं. बाहेरचा कारागीर चालत नाही. अब्बा गेल्यापासून हे काम चाचा करतात. धंदा येणारे तेवढे एकटेच उरलेत.

गेल्या साली दालचा कळकला. कल्हई जागोजागी धरलीच नव्हती, चिंचेचा कोळ तांब्याला लागला, आणि एवढ्या माणसांनी तोंडं वाकडी करत भात नुसता दह्याशी खाल्ला. चाचांचा थोरला, पुण्याचा, तिथल्या तिथं बोलला, "अब्बा, अजून एक साल बघू. परत असं झालं तर बीडला हॉल घेऊ, केटरर सांगू. दोन तासांत मोकळे." मला इतका संताप आला की मी ताट तसंच ठेवून उठले. दोन तासांत मोकळं व्हायला आम्ही काय लग्नाचे पाहुणे आहोत?

सगळ्यांनी दोष कथलाला दिला, हल्लीचं कथील भेसळीचं म्हणून. खरं कारण मला यंदा एप्रिलमध्ये कळलं. चाचा माझ्याकडं आले होते. मी चहा पुढ्यात ठेवला, तर ते टेबलावर तळहात फिरवत कप शोधायला लागले.

"चाचा, दिसंना झालं का तुम्हाला?"

"हळू बोल की. काचबिंदू हाय. डाक्टरकडं एकटाच गेलतो. म्हनला, गेलेली नजर परत येत न्हाई."

"आणि घरात?"

"कुनाला ठाव न्हाई. सांगितलं की देग गेली अन् पाली बी गेली. तू बी बोलायचं न्हाई."

"कपाळ माझं! मग कल्हई कशी करणार? हात भाजून घ्याल!"

"कावून वरडतीस? हात नीट हायत माजे. निसतं तांबं कवा तापलं तेवढं कळंना झालंय."

तेवढंच! अहो, सगळी कल्हई तेवढ्यावरच असते. तांबं कमी तापलं तर कथील धरत नाही, जास्त तापलं तर जळून पिवळं पडतं. मधली वेळ डोळ्यांनीच ओळखायची. लग्नाआधी मी अब्बांच्या भात्याशी बसायचे, आणि ती वेळ त्यांच्याही आधी मला कळते, असं ते स्वतः सांगायचे. पण बाईनं देगेला कल्हई करायची आमच्यात रीत नव्हती. कथलाची कांडी काही माझ्या हातात आली नाही.

"नवसागर टाकायला म्हणून मी जवळ बसते," मी चाचांना म्हटलं. "तांबं तापलं की हळूच 'हां' म्हणते."

चाचांनी चाचपून कप जवळ ओढला. "अन् चुकलीस तर?"

"चुकले तर तुमच्या लेकाच्या हॉलमध्ये पहिली पंगत मी वाढते."

तेव्हा कुठं ते हसले.

पालीला सकाळी सातलाच ऊन चटके देत होतं. भट्टी पेटली, भाता सुरू झाला, दोघा पुतण्यांनी देग आडवी करून निखाऱ्यांवर धरली. मी चाचांच्या उजव्या हाताला जाऊन बसले. तीस वर्षांनी तापतं तांबं बघत होते. पहिल्यांदा घाईच केली. "हां" म्हणाले, चाचांनी कांडी टेकवली, आणि कथील धरायचं सोडून गोळ्या होऊन घरंगळलं. पुण्याचा भाऊ हाताची घडी घालून समोरच उभा होता.

"दम खा," चाचा ओठ न हलवता म्हणाले.

मी दम खाल्ला. तांब्याचा रंग पालटू दिला, चिमूटभर नवसागर टाकला, पांढरा धूर उठला. "हां." या वेळी कथील झरझर वितळलं, आणि चाचांचा कापसाचा बोळा त्यावरून असा फिरला की मी बघतच राहिले. काय तो हात! देग थोडी फिरवायची, पुन्हा तापू द्यायची, पुन्हा हां. पाऊण तास आमचं दोघांचं एवढंच बोलणं चाललं होतं.

देग पाण्यात बुडवून बाहेर काढली तेव्हा आतून लख्ख उजळली होती. पुण्याच्या भावानं अर्धं अंग आत घालून, मोबाईलचा उजेड पाडून कोपरान् कोपरा तपासला. मग बाहेर येऊन म्हणाला, "मान गये, अब्बा! नजर अजून लई पक्की हाय तुमची."

चाचांना नुसतं हसून सोडून देता आलं असतं. मी मनात तेच म्हणत होते, हसा आणि सोडा. पण ते गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले.

"माजी नजर जाऊन दोन साल झाले," ते मोठ्यांदा म्हणाले. "गेल्या साली दालचा माज्यामुळं कळकला, कथलामुळं न्हाई. आज हात माजे होते, डोळे हिचे. माज्या भावाची लेक हाय ही. आजपासून देगेची कारागीर बी हीच."

आमच्यात बाईला कारागीर म्हटलेलं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मला अभिमान वाटला, सरळ सांगते, माझा वाटला आणि चाचांचा त्याहून जास्त. पोटच्या पोरांपासून लपवलेली गोष्ट अशी सगळ्यांदेखत बोलून टाकायची म्हणजे खायचं काम नाही. मी तिथंच बसून ढसाढसा रडले आणि मला जराही लाज वाटली नाही.

दुपारी दालच्याचा पहिला घास पुण्याच्या भावानंच खाल्ला. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. त्यानं वाटी पुन्हा पुढं केली. मग चाचांसाठी ताट वाढून घेतलं, त्यांच्याजवळ बसला, बापाची बोटं हातात धरून भात कुठं, दालचा कुठं ते दाखवलं, आणि मान वर न करता मला म्हणाला, "आपा, पुढच्या साली देग घासायला मी आदल्या दिवशीच येतो. किती वाजता येऊ?"