वाढत्या अंगाचं घर

पिंप्राळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी जीवरामभाऊंचं शिलाईचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. भाऊ मूळचे नरडाण्याकडचे. गिऱ्हाइकांशी मराठी बोलतात, घरात शिरले की अहिराणी. शाळेचे गणवेश हे त्यांचं मुख्य काम, आणि त्यात एक गोष्ट ते न विचारता करतात. फ्रॉकच्या, पँटच्या खालच्या दुमडीत चार बोटं कापड जास्तीचं ठेवतात. पुढच्या जूनमध्ये आई तोच फ्रॉक घेऊन परत येते. भाऊ टीप उसवतात आणि दुमडीतून निळ्या रंगाचा न विटलेला पट्टा बाहेर येतो. वाढत्या अंगाचं शिवा, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही.

त्यांची मुलगी नूतन गेल्या वर्षी आर्किटेक्चरला गेली. प्रवेश मिळाला त्या दिवशी भाऊंनी मशीनवरून न उठता एकच अट घातली. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटले तर पुढचं शिक्षण. एक जरी अडकला तर गल्लीतल्या इतर मुलींसारखं बी.ए. ते रागावले नव्हते. पाच वर्षांची वाट त्यांना शेवटपर्यंत दिसत नव्हती, एवढंच. मग त्यांनी खाकी कापडाची एक पिशवी शिवून दिली, तिचा ड्रॉइंग बोर्ड मावेल अशी. तिची खालची किनार उगाच जाड होती. रिक्षात चढताना ती गुडघ्याला लागायची आणि नूतन वैतागायची.

वर्षभर ती पिशवी खांद्याला लावून नूतन गेली-आली. सुरुवातीला नुसत्या रेषा. पेन्सिल फिरवत फिरवत ओढायची, म्हणजे रेष सगळीकडे सारखी जाड येते, हे तिला पटकन जमलं. अक्षरं जमली, सावल्या जमल्या. अडलं ते डिझाइनमध्ये. शेवटचं काम होतं, ओळखीच्या आणि घरातच धंदा करणाऱ्या एका कुटुंबासाठी छोटं घर. नूतनने अर्थातच शिंप्याचं घर घेतलं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. शिकवणाऱ्या अरशद सरांनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "रेषा चांगल्या आहेत. पण ह्या घरात अजून कुणी राहायला आलेलं नाही."

ते वाक्य तिला लागलं. पुढच्या तपासणीला निदान मॉडेल तरी नेटकं न्यावं म्हणून तिने जाड पुठ्ठ्यावर भिंती आखल्या, कटरने कापल्या आणि जोडायचं सामान घेऊन वर्गात गेली. वर्गात जोडायला बसली तेव्हा एकही भिंत बसेना. प्रत्येक तुकडा आखलेल्यापेक्षा बोटभर मोठा. कोपऱ्यांतून पुठ्ठा बाहेर आलेला, छत वाकडं.

पुठ्ठ्यावर पेन्सिलच्या रेषा अजून दिसत होत्या, आणि त्या अगदी बरोबर होत्या. ती लहानपणापासून दुकानात कापड बेतत आली होती. कापडावर खडूची रेघ ही शिवणीची रेघ. कात्री चालते तिच्या बाहेरून, मार्जिन सोडून. पुठ्ठ्यावरही तिचा हात रेघेच्या बाहेरूनच चालला होता, सगळ्या भिंतींना.

शेजारच्या टेबलावरचा अमळनेरचा ललित वाकून बघत म्हणाला, "नूतन, घर वाढत्या अंगाचं बेतलंस की काय?"

सगळे हसले. तीही हसली, पण डोळे पुठ्ठ्यावरून उचलले नाहीत. सरांनी सांगितलं की हे मॉडेल नकाशाशी जुळत नाही, परीक्षकांच्या ज्युरीसमोर चालणार नाही. ज्युरी सोमवारी. डिझाइनमध्ये नापास म्हणजे काय, हे वर्गात फक्त तिलाच माहीत होतं.

घरी येताना तिने रिक्षा अलीकडेच सोडली आणि कॉलनीतून चालत आली. दुपार टळली होती. घराघरांच्या स्लॅबवर गंजक्या सळया उभ्या होत्या. कुणी त्यांच्या टोकांवर रिकाम्या बाटल्या उपड्या घातलेल्या. पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया. रोज दिसणाऱ्याच, पण आज ती थांबून बघत राहिली. इथलं प्रत्येक घर वाढत्या अंगाचं होतं. आणि जी घरं वाढली होती त्यांचंही तिला दिसू लागलं. कुणाचा जिना खिडकीसमोर आलेला, कुणाचं अंगण नव्या खोलीने गिळलेलं. वाढायचं हे सगळ्यांनी ठरवलं होतं, कुठून वाढायचं हे कुणीच नाही. तिच्या स्वतःच्या घरात दुकान मागे वाढवताना स्वयंपाकघराची खिडकी भिंतीत गेली होती. तेव्हापासून आई भर दुपारी ट्यूबलाइट लावून भाकरी थापते.

त्या संध्याकाळी तिने वडिलांकडे कापायचं टेबल मागितलं. मे महिना, गणवेशांचा हंगाम. भाऊंनी टेबलाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, निळ्या कापडाचे तागे उचलले आणि जमिनीवर चादर अंथरून बेतायला बसले. आई बटणं लावता लावता म्हणाली, ह्या वयात ह्यांना पुन्हा बालवाडीत बसवलंस.

नव्या नकाशात नूतनने मागच्या बाजूला एक अर्धवट खोली काढली, उद्या पूर्ण होईल अशी, सळया दाखवून. भाऊ पाणी प्यायला उठले तेव्हा वाकून बघत राहिले.

"मार्जिन आतमधी राहस, नूतन," ते म्हणाले. "बाहेर दिसनं का काम वाया गयं."

तिने तो कागद बाजूला केला आणि नवा लावला.

सोमवारी ज्युरीला धुळ्याहून एक आर्किटेक्ट बाई आल्या होत्या. नूतनचं मॉडेल लहानसं आणि आजच्यापुरतं पुरं होतं. कुठे काही राहिलंय असं वाटत नव्हतं. मग तिने दुकानातला कापडाच्या ताग्यांचा कप्पा काढून दाखवला. त्या जागेत उद्याचा जिना बसत होता. पडवीकडची एक भिंत सरकवून बाहेर काढली, आणि छताखालीच आणखी एक खोली मोकळी झाली. बाईंनी भिंत स्वतः काढून पाहिली, परत बसवली, पुन्हा काढली. मागच्या खिडकीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हिच्यापुढे उद्या काय येणार?

"काही नाही," नूतन म्हणाली. "घर कितीही वाढलं तरी ही बंद होत नाही. आधी ही खिडकी काढली, मग बाकीचं घर."

बाईंनी जिन्यात चढणाऱ्याचं डोकं आपटेल हे दाखवून दिलं, आणि ते खरंच आपटणार होतं. नूतनने मान्य केलं. अरशद सर मागे उभे होते. जाताना फक्त म्हणाले, "आता आले राहायला."

निकाल लागला तेव्हा शाळा सुरू झाल्या होत्या आणि दुकानात थोडी उसंत होती. सगळे विषय सुटले होते. डिझाइनचे गुण फार नव्हते, पण पुरेसे होते. आईने शेजारी साखर वाटली. भाऊ ऐकत होते, हातातली टीप पुरी करत होते. मग त्यांनी विचारलं, दुसऱ्या वर्षाला बोर्ड हाच का? नूतन म्हणाली, मोठा लागतो, पिशवीत मावणार नाही.

भाऊंनी हात पुढे केला. तिने खुंटीवरची खाकी पिशवी काढून दिली. ती वर्षभरात उन्हाने पांढुरकी झाली होती. त्यांनी चष्मा खाली घेतला, ती जाड किनार उलटी केली आणि ब्लेडने टीप उसवायला सुरुवात केली. आतून वीतभर कापड बाहेर आलं, नव्या खाकीचं, कडक इस्त्रीचं.