जोडीतला दुसरा शॉक

करंजी घाटातला तो अपघात अजून माझ्या मनातून जात नाही. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि लष्कराने मोडीत काढलेले ट्रक आमच्या जिल्ह्यात माल वाहू लागले होते. मी तेव्हा फौजदार होतो. तिसगावच्या बाजारातून ज्वारीची पोती घेऊन निघालेला असाच एक ट्रक भरदुपारी वळणावर उलटला. चालक जागीच गेला. त्याच्या बैठकीखाली एक बाटली सापडली. पंच म्हणाले, "दारूच असणार, दुसरं काय?" मी बाटलीला लाखेचं सील लावलं आणि पंचनाम्यात 'चालक नशेत' असं लिहून मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यावर आली. "सायेब, त्यांनी कंदी थेंब घेतला न्हाई वो. दारुड्याची पोर म्हून माझ्या लेकीची सोयरीक मोडंल." तपास चालू आहे, असं सांगून मी तिला वाटेला लावलं.

दोन दिवसांनी गाड्या दुरुस्त करणारा एक मिस्त्री आपण होऊन आला. ठाण्याच्या आवारातला तो ट्रक त्याने पाहिला होता. "सायेब, हिसके जिरवायचे शॉक मी त्या डायवरला जोडीनं दिलं हुतं. दोन्ही बाजूला एकदमच बदल, म्हून बजावलं हुतं. मग हितं एकच नवा कसा?"

मी खाली वाकून पाहिलं. डावीकडे नवा होता. उजवीकडचा जुना, तेल गळून कोरडा पडलेला. भरल्या गाडीचा वळणावर तोल जाणारच.

मग दुसरा कुठे गेला? चालकाच्या बरोबरीने दुसरा ट्रक हाकणाऱ्या त्याच्या दोस्ताला बोलावलं. दोन तास तो "मला ठावं न्हाई" म्हणत राहिला. शेवटी मी दरडावलं, "अरे, मेलेल्या माणसाला दारुडा ठरवून तू गप्प बसणार?"

तेव्हा तो ढसाढसा रडला. "माझी गाडी लई आदळायची. म्याच मागितला, सायेब. तो म्हनला, एक तुला, एक मला. माझा जुना गळतोय, त्यात तेल घालून चालवीन."

तेल! पंचांसमोर बाटलीचं सील फोडलं. एरंडेलाचा वास आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोस्ताच्या गाडीतही एकच नवा शॉक होता, म्हणून ती त्याच दिवशी उभी करायला लावली. अहवाल दुरुस्त केला आणि तो वाचून दाखवायला स्वतः त्या बाईच्या घरी गेलो. सोयरीक आदल्या दिवशीच मोडली होती. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "सायेब, बाटली तवाच हुंगली असती तर?"

पुढे नोकरीभर हाती आलेली प्रत्येक बाटली मी आधी हुंगली आणि मगच लेखणी उचलली.