फड्याच्या जागी

सासूबाईंना सोमवारी पनवेलजवळच्या वृद्धाश्रमात पोहोचवायचं ठरलं होतं. त्याआधीच्या शुक्रवारी माझी भाची नागावला आली.

ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. आमच्या होमस्टेच्या पायऱ्यांवर तीन कुंड्यांत खांबासारखे सरळ निवडुंग आहेत. पाहुणे त्यांच्यापाशी फोटो काढतात. तिन्ही एकाच कुळातले. अशा जवळच्या जातींत अल्कलॉइडचं प्रमाण किती वेगळं असतं ते तिला पाहायचं होतं, म्हणून गेल्या खेपेला तिने तुकडे नेले होते. कुंड्यांना मी नंबर घातलेले, त्यामुळे घोळ व्हायचा प्रश्न नव्हता.

"एक आणि दोनमध्ये जवळजवळ काहीच नाही," ती चहा घेता घेता म्हणाली. "तीनमध्ये मात्र भरपूर. पोटात गेलं तर नसलेली माणसं दिसतील, मावशी. आणि तोच कुणीतरी कापलाय."

"उंदीर असतील," मी म्हटलं.

"उंदीर सुरी धरतो काय गो?" सासूबाई आतून म्हणाल्या. "मीच कापते. खोकल्याला."

फड्या निवडुंगाचं लाल बोंड निखाऱ्यावर भाजायचं आणि त्याचा रस मधातून घ्यायचा, हे त्यांचं जुनं औषध. पण खोल्या बांधताना बांधावरचा सगळा फड्या मीच जेसीबी लावून काढवला होता.

"फड्या तूच उपटलास. मंग तुझ्या कुंडीतला घेतला. निवडुंग तो निवडुंग. कडू जहर हाय, पण खोकला बसतो."

मी कपाटातली वही काढून भाचीपुढे ठेवली. सासूबाईंना भास होऊ लागल्यापासून डॉक्टरांना दाखवायला मी ती लिहीत होते; त्या भासांमुळेच आश्रम ठरला होता. सासूबाई दिवंगत सासऱ्यांशी कधी बोलल्या, भिंत हलते असं कधी म्हणाल्या, झावळ्या रंगीत कधी दिसल्या, सगळं तारखेनिशी. शेजारच्या रकान्यात ताप, खोकला, गोळ्या. भाचीने बोट ठेवून वाचलं. खोकला, त्याच दुपारी भास. पुन्हा खोकला, पुन्हा भास. मधले दिवस कोरे. आठ महिने दोन्ही रकाने मीच भरत होते, आणि एकदाही आडवे वाचले नव्हते.

"खात्रीचं डॉक्टरच सांगतील," भाची हळूच म्हणाली.

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिल्यांदा तो रस बंद करायला सांगितला आणि उद्या सकाळी आम्हा सासू-सुनांना बोलावलं. मग मी आश्रमाला कळवलं, सोमवारी येत नाही.

सासूबाई खोलीत पलंगावर बसल्या होत्या. मी भरून ठेवलेली बॅग त्यांच्या पायाशी होती.

"म्हंजे मी येडी नाय," त्या म्हणाल्या.

"नाही, आई."

"मी सांगत व्हते. तू नुसती लिहीत व्हतीस."

मी बॅगेची चेन उघडायला वाकले. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे. माझी लुगडी माझी मी लावीन."